स्कॉटलंडचें बेभरंवशाचें बर्फ

पायांना लांब, अरुंद आणि पुढच्या टोंकाशीं वर वळलेल्या फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाणें ह्या क्रीडेला स्कीइंग म्हणतात, हें आतां आपल्याकडेहि बहुतेकांना ठाऊक झालें आहे. काश्मिरांतील गुलमर्गचीं व गढवालमधील औलीचीं चित्रें आपण पाहिलेलीं असतात. ह्या खेळाला लागणारें साहित्य थोडें. फळ्या, काठ्या, जाड बूट आणि एक उतार. पांचवी वस्तु बर्फ. पहिल्या चार वस्तु एकदां मिळाल्या कीं मिळाल्या. पांचवीचा करार मात्र दर वर्षीं नव्यानें करावा लागतो. आल्प्स पर्वताच्या उंच भागांत किंवा नॉर्वेच्या अंतर्भागांत हा करार निसर्ग बहुधा पाळतो. परंतु ज्या देशाचा हिवाळा मुळांतच सौम्य आहे, त्या देशांतील लोकांनीं ह्या खेळाचा नाद धरला, त्यावर गांवेंच्या गांवें उभीं केलीं, तर त्यांची गति काय होते, हें आज मी सांगणार आहें. तो देश म्हणजे स्कॉटलंड.

प्रथम एक कोडें पाहूं. नकाशा उघडला तर स्कॉटलंडचा डोंगराळ प्रदेश सुमारें ५७ अंश उत्तर अक्षांशावर आहे असें दिसेल. त्याच अक्षांशावर, अटलांटिक महासागराच्या पलीकडच्या तीरास, कॅनडांतील लाब्राडोरचा किनारा आहे. तेथें हिवाळ्यांत समुद्र गोठतो. अलीकडच्या तीरावर मात्र इन्व्हरयू नांवाच्या उद्यानांत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड इकडील झाडें उघड्यावर वाढतात. ओसगुड मॅकेन्झी नांवाच्या गृहस्थानें १८६२ सालीं ह्या उद्यानाची उभारणी सुरू केली. ह्याचें कारण असें कीं अटलांटिकचें पाणी उन्हाळ्यांतील उष्णता सांठवून ठेवतें, दक्षिणेकडून येणारे सागरी प्रवाह तिच्यांत भर घालतात, आणि पश्चिमेचे वारे ती उष्णता सबंध हिवाळाभर स्कॉटलंडच्या अंगावर आणून ओततात. रत्नागिरीची थंडी आणि नाशिकची थंडी ह्यांत जो फरक असतो, त्याचेंच हें फार मोठें रूप समजावें.

मग तेथें बर्फ येतें कशामुळें? तर केवळ उंचीमुळें. आणि ती उंचीहि बेताचीच. ब्रिटनमधील सर्वांत उंच पर्वत बेन नेव्हिस. त्याची उंची १३४५ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराइतकी. ह्या शिखरावर १८८३ पासून १९०४ पर्यंत एक वेधशाळा चालू होती, आणि तेथील निरीक्षक रात्रंदिवस दर तासाला तापमान, वारा व पाऊस ह्यांची नोंद करीत असत. वेधशाळा निघण्यापूर्वीं, १८८१ च्या उन्हाळ्यांत, क्लेमंट रॅग हा हवामानशास्त्रज्ञ रोज पहांटे निघून शिखर चढत असे आणि नोंदी घेऊन खालीं उतरत असे. ह्या सर्व खटाटोपांतून जे आंकडे हातीं आले त्यांतील एक आंकडा आपल्या विषयाची किल्ली आहे. शिखरावरील वर्षाचें सरासरी तापमान शून्याखालीं अवघें ०·३ अंश भरलें. अर्थात् ब्रिटनचें सर्वांत उंच टोंकसुद्धां गोठणबिंदूच्या उंबरठ्यावर उभें होतें. धड आंत नाहीं, धड बाहेर नाहीं. भर हिवाळ्यांतील महिन्यांची सरासरी तेथें शून्याखालीं चार-पांच अंश असे हें खरें. पण स्कीचे उतार शिखरावर नसतात, ते खालच्या कुशींत असतात, आणि हे आंकडे तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वींच्या थंड काळांतील आहेत.

आतां थोडें गणित करूं. स्कॉटलंडच्या पूर्वभागीं केर्नगॉर्म नांवाचा १२४५ मीटर उंचीचा पर्वत आहे. त्याच्या कुशींत त्या देशांतील एक प्रमुख स्कीकेंद्र आहे. मोटारी जेथवर जातात तो तळ सुमारें ६३५ मीटरवर, आणि वरचें स्थानक अकराशें मीटरच्या आसपास. म्हणजे खेळायला उभा उतार मिळतो तो साडेचारशें मीटरांचा. हवा उंचीबरोबर थंड होत जाते, आणि त्याचें सरासरी प्रमाण दर हजार मीटरांस साडेसहा अंश असें धरतात. ह्यावरून असें निघतें कीं हवेंत एका अंशाची ऊब वाढली कीं शून्य अंशाची रेषा सुमारें दीडशें मीटर वर सरकते. साडेचारशें मीटरांतून दीडशें मीटर गेले म्हणजे तिसरा हिस्सा गेला! आल्प्समधील एखाद्या केंद्राजवळ दीड हजार मीटरांचा उतार असेल, तर तोच एक अंश तेथें दहावा हिस्सा घेऊन जातो आणि बाकीचे नऊ हिस्से शिल्लक राहतात. श्रीमंताच्या घरीं शंभर रुपये हरवले तर हळहळ होते. गरिबाच्या घरीं चूल बंद पडते. तसाच हा प्रकार आहे.

शिवाय तेथील हवा एका अंशानें बदलत नाहीं. ती एका रात्रींत आठ-दहा अंशांनीं बदलूं शकते. ह्या देशांत हिवाळा हा एक सलग ऋतु असा नाहींच. निरनिराळ्या वाऱ्यांची ती एक पाळी आहे. उत्तरेकडून ध्रुवप्रदेशाची हवा आली कीं दरीच्या तळापर्यंत शुभ्र चादर पसरते. हॉटेलांतील दूरध्वनी खणखणूं लागतात. दोन दिवसांनीं अटलांटिकवरून एक वादळ येतें. त्याच्या अग्रभागीं नैर्ऋत्येची ऊबदार हवा असते. तिच्या स्पर्शासरशीं शून्याची रेषा पर्वतशिखरांच्याहि वर चढते, आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत पाऊस पडूं लागतो. शुक्रवारीं रात्रीं लंडनहून निघालेला मनुष्य शनिवारीं सकाळीं पोहोंचतो तों डोंगर काळा झालेला असतो.

ह्या वितळण्याविषयीं एक समजूत रूढ आहे, ती अशी कीं पाऊस बर्फ धुऊन नेतो. हिशेब करून पाहिला तर पाऊस तितका अपराधी नाहीं असें दिसतें. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारें ८० उष्मांक लागतात. पावसाचें पाणी ५ अंशांचें असेल, तर एक ग्रॅम पाणी शून्यापर्यंत निवतांना अवघे ५ उष्मांक देतें. म्हणजे सोळा ग्रॅम पाऊस पडेल तेव्हां एक ग्रॅम बर्फ वितळेल. खरा चोर निराळाच आहे, आणि तो अदृश्य आहे. तो म्हणजे ऊबदार वाऱ्यांतील बाष्प. चुलीवरील भांड्याचें झांकण काढतांना वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्याहून अधिक बसतो, हें घरोघरच्या गृहिणींना ठाऊक आहे. त्याचें कारण असें कीं वाफ पुनः पाणी होतांना आपल्या पोटांतील उष्णता टाकून देते. तोच प्रकार येथें घडतो. नैर्ऋत्येचा ओला वारा थंड बर्फावरून जातांना त्यांतील बाष्पाचें दंव होतें, आणि असें प्रत्येक ग्रॅम दंव सुमारें ६०० उष्मांक बर्फाच्या स्वाधीन करतें. साठ आणि आठ ह्यांचा भागाकार सांगावयास नको. एक ग्रॅम बाष्प साडेसात ग्रॅम बर्फ वितळवितें. आणि वारा जितका जोराचा, तितका बाष्पाचा पुरवठा अखंड. उलटपक्षीं, कोरडी थंड हवा आणि स्वच्छ ऊन असेल तर बर्फ दिवसेंदिवस टिकतें, कारण त्याच्या पृष्ठावरून जें थोडें बाष्प उडून जातें तें जातांना उष्णता घेऊन जातें. म्हणून तेथील जाणता मनुष्य उन्हाला भीत नाहीं. रात्रीं दार उघडतांच तोंडावर मऊ, ओलसर वारा आला, कीं तो काय समजावयाचें तें समजतो.

मात्र ह्या चंचलपणांतून एक चांगली गोष्टहि निष्पन्न होते. वितळणें आणि पुनः गोठणें असें दहापांच वेळां झालें म्हणजे बर्फाचा भुगा घट्ट होत होत दगडासारखा होतो. आल्प्समधील हलक्या, पिठासारख्या बर्फाची संवय झालेले लोक त्याला नांवें ठेवतात. पण एकदां असा घट्ट थर ओढ्याच्या खोबणींत बसला, कीं नंतरचीं तीन-चार वितळणीं तो सोसतो. स्कॉटलंडमध्यें नाताळापेक्षां मार्च महिना खेळाला बरा, ह्याचें एक कारण हें. आणि दुसरें असें कीं समुद्र उशीरा निवतो. त्याचें पाणी हिवाळ्याच्या अखेरीस, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, सर्वांत थंड असतें.

अशा हवेंत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या लोकांच्या भाषेंत बर्फाचे शब्द किती असावेत? ग्लासगो विद्यापीठांतील कोशकारांनीं २०१५ सालीं स्कॉट्स भाषेंतील बर्फविषयक शब्द मोजले, ते ४२१ भरले. बर्फाची किरकोळ सर येऊन गेली तर तिला 'फ्लिंड्रिकिन', आणि कोपऱ्यावर बर्फ गरगर फिरूं लागलें तर त्या फिरण्याला 'फीफल'. आपल्याकडे भुरभुर, रिमझिम, झड, झिमझिम, सर, वळीव असे पावसाचे शब्द आहेत, त्यांच्याशीं हें ताडून पाहण्यासारखें आहे. जी वस्तु रोज सारखीच येते तिला एक नांव पुरतें.

आतां वाऱ्याची दुसरी बाजू. केर्नगॉर्मच्या माथ्यावर २० मार्च १९८६ रोजीं वाऱ्याचा वेग ताशीं १७३ मैल, म्हणजे सुमारें २७८ किलोमीटर मोजला गेला; ब्रिटनमधील तो उच्चांक आहे. इतका वारा नेहमीं नसतो. परंतु झाडें उन्मळून पडतील असे वारे त्या पर्वतावर हिवाळ्यांत वारंवार येतात. अशा ठिकाणीं बर्फ पडतें तेथें राहत नाहीं. माथ्याच्या सपाटीवर पडलेलें बर्फ वारा झाडून काढतो आणि पलीकडच्या खोलगट भागांत नेऊन ओततो. वारे बहुधा नैर्ऋत्येचे असल्यामुळें ईशान्येकडे तोंड करून असलेल्या दऱ्या भरतात, आणि उघड्या पाठी रित्या राहतात. म्हणून स्कॉटलंडमध्यें 'किती बर्फ पडलें?' हा प्रश्न अर्धाच आहे. 'तें गेलें कोठें?' हा उरलेला अर्धा.

ह्या प्रश्नाचें उत्तर तेथील लोकांनीं मोठ्या हिकमतीनें शोधून काढलें आहे, आणि मला स्वतःला ह्या सर्व प्रकरणांत तोच भाग सर्वांत मनोरम वाटतो. उतारांच्या कडेनें त्यांनीं लांकडी पट्ट्यांचीं कुंपणें उभीं केलीं आहेत. प्रथम पाहणारास वाटतें कीं हीं जनावरें अडविण्यासाठीं असावींत. तसें नाहीं; हीं बर्फ अडविण्यासाठीं आहेत. पट्ट्यांमध्यें मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात, आणि त्यांतच सारें मर्म आहे. कुंपण भिंतीसारखें बंद असेल तर वारा त्याच्या मागें भोंवरे घालतो आणि बर्फ उकरून काढतो. अर्धा भाग मोकळा ठेवला तर वारा आरपार जातो खरा, पण त्याचा जोर मोडतो. आणि जोर मोडलेला वारा हातांतील ओझें खालीं ठेवतो. कुंपणाच्या आडोशाला बर्फाची लांबट रास जमते. दोन कुंपणांमधल्या पट्ट्यांत असें बर्फ सांचत गेलें म्हणजे आजूबाजूचा डोंगर उघडा पडला तरी मधून एक पांढरी वाट खालपर्यंत उतरत राहते. एप्रिल महिन्यांत काढलेलीं ह्या पर्वतांचीं चित्रें पाहिलीं तर तपकिरी अंगावर पांढऱ्या रेघोट्या ओढल्यासारख्या दिसतात. त्या रेघोट्या निसर्गानें ओढलेल्या नाहींत. सुतारानें ओढल्या आहेत. ओढ्यांच्या खोबणींतहि असेंच बर्फ भरून घेतात. यंत्र नाहीं, इंधन नाहीं. शत्रूचाच वारा पकडून त्याजकडून हमाली करून घ्यावयाची.

परंतु तोच वारा दुसऱ्या रीतीनें सूड उगवितो. लोकांना वर नेणाऱ्या दोरावरच्या खुर्च्या सोसाट्यांत हेलकावे खाऊं लागल्या कीं त्या बंद कराव्या लागतात. डोंगरावर मनासारखें बर्फ आहे, खालीं गाड्यांची रांग लागली आहे, आणि वर जाण्याचें साधन थांबलें आहे, असे दिवस तेथें कमी येत नाहींत.

हें सर्व ध्यानांत घेतलें म्हणजे दोन हिवाळ्यांची गोष्ट समजते; नाहीं तर ती खोटी वाटेल. २००९-१० चा हिवाळा ब्रिटनमध्यें फार कडक गेला. थंडी लांबली, बर्फ टिकलें, आणि केर्नगॉर्मवर १९१० नव्हे तर २०१० च्या जून महिन्यांतहि लोक स्कीवर उभे राहिले! थंडी आणि बर्फ हें आपल्या अपेक्षेप्रमाणेंच झालें. आतां २०१३-१४ चा हिवाळा घ्या. हा ब्रिटनमधील तोंवरच्या नोंदींतील सर्वांत ओला हिवाळा, आणि थंडी तर नेहमींपेक्षां कमी. एकामागून एक वादळें आलीं. इंग्लंडच्या दक्षिणेस शेतें महिनोन् महिने पाण्याखालीं राहिलीं. अशा वर्षीं स्कॉटलंडचा डोंगर काळा राहावा असें कोणीहि म्हणेल. प्रत्यक्षांत उंच भागांत इतकें बर्फ सांचलें कीं पश्चिमेकडील ग्लेन्को आणि नेव्हिस ह्या केंद्रांवर वर नेणारे दोर बर्फाखालीं गाडले गेले, आणि ते खणून काढण्याची पाळी आली. अतिबर्फामुळें खेळ बंद! कारण असें कीं त्या हिवाळ्यांत शून्याची रेषा बहुधा डोंगराच्या मध्यावर कोठें तरी राहिली. तिच्या खालीं जो पाऊस होता तोच तिच्या वर बर्फ होता, आणि पावसाला खंड नव्हता. हीच रेषा तीनशें मीटर वर राहिली असती तर? त्याचेंहि उत्तर दूर नाहीं. २०१५ चा डिसेंबर हा ब्रिटनच्या नोंदींतील सर्वांत ऊबदार डिसेंबर ठरला. पाऊस तेव्हांहि अतोनात पडला. पण तो माथ्यापर्यंत पाऊसच होता.

ह्यावरून लक्षांत येईल कीं थंडी किती पडेल ह्याचा अंदाज मिळाला तरी बर्फ किती मिळेल ह्याचा मिळत नाहीं. महिनाभर आधीं हा अंदाज सांगणारा मनुष्य एक तर भाग्यवान् असावा किंवा हॉटेलवाला असावा.

अशा पायावर एक धंदा उभा आहे. विल्यम नेस्मिथ ह्या गिर्यारोहकानें १८९२ सालीं ग्लासगोजवळच्या टेंकड्यांवर स्कीचा प्रयोग केला. १९०७ सालीं स्कॉटिश स्की क्लब निघाला. त्या काळचे हौशी लोक फळ्या खांद्यावर टाकून डोंगर चढत व एकदां उतरत; बर्फ नसलें तर पायीं फिरून घरीं जात. त्यांत कोणाचें कांहीं बुडत नसे. १९५६ सालीं ग्लेन्को येथें माणसांना वर ओढून नेणारा कायमचा दोर लागला, १९६१ त केर्नगॉर्मवर खुर्च्यांचा पाळणा सुरू झाला, पुढच्या वर्षीं ग्लेन शी येथें. १९७७ त लेख्ट आणि १९८९ त नेव्हिस अशीं पांच केंद्रें झालीं. केर्नगॉर्मच्या पायथ्याचें ॲव्हीमोर हें लहानसें रेल्वेचें गांव हॉटेलांनीं भरून गेलें. दोर आला तेव्हांपासून बर्फ न पडणें ही निराशा राहिली नाहीं. तो तोटा झाला. शिकविणारे, फळ्या भाड्यानें देणारे, खानावळीवाले, खोल्या झाडणारीं माणसें ह्यांचा हंगामाचा पगार शून्याच्या रेषेशीं बांधला गेला.

मग ह्या तोट्यावर उपाय म्हणून केर्नगॉर्मवर खुर्च्यांच्या जागीं सुमारें दोन किलोमीटर लांबीची दोरावर ओढली जाणारी आगगाडी बांधली. ती डिसेंबर २००१ मध्यें सुरू झाली, आणि तिच्यासाठीं दोन कोटी पौंडांच्या जवळपास रक्कम लागली. त्यांतील फार मोठा भाग सार्वजनिक होता. खुर्च्या थांबतात त्या वाऱ्यांतहि ही गाडी चालावी, आणि बर्फ नसतांना उन्हाळ्यांतील प्रवाशांनीं तिचा खर्च भरून काढावा, असा हिशेब होता. गंमत अशी कीं माथ्यावरील नाजूक वनस्पति तुडविल्या जाऊं नयेत म्हणून उन्हाळ्यांत गाडीनें वर गेलेल्या लोकांना स्थानकाबाहेर पर्वतावर हिंडूं द्यावयाचें नाहीं अशी मूळची अट होती. वर जावें, कांचेंतून पाहावें, चहा घ्यावा आणि खालीं यावें! २०१८ सालीं गाडीच्या बांधकामांत दोष आढळून ती बंद झाली, आणि त्याच वर्षाअखेर केंद्र चालविणारी कंपनीहि अडचणींत येऊन तें सरकारी संस्थेच्या हातीं गेलें. दुरुस्तीनंतर जानेवारी २०२३ मध्यें गाडी पुनः सुरू झाली, ऑगस्टमध्यें पुनः थांबली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें पुनः चालूं लागली. बांधकामांतील दोषाचा अपराध बर्फाच्या माथीं मारतां येत नाहीं. तथापि जें बर्फ वर्षांतून किती आठवडे राहील हें कोणी सांगूं शकत नाहीं, त्याच्यासाठीं लोकांच्या करांतून किती खर्च करावा, हा वाद त्या गाडीबरोबर वर-खालीं होत राहिला. एका बाजूचे म्हणतात कीं हा पैसा बुडीत खातीं गेला. दुसऱ्या बाजूचे विचारतात कीं हें केंद्र गेलें तर ह्या दरींतील तरुणांनीं हिवाळ्यांत काय करावें? ह्या दुसऱ्या प्रश्नाला पहिल्या पक्षानें समाधानकारक उत्तर दिलेलें माझ्या तरी पाहण्यांत नाहीं.

निसर्ग देत नाहीं तर बर्फ तयार कां करूं नये, असें श्रोत्यांपैकीं कोणी मनांत म्हणत असतील. तें करतातहि. पाण्याचे अति सूक्ष्म तुषार थंड हवेंत उडविले म्हणजे ते खालीं पडेपर्यंत गोठतात. परंतु ह्यालाहि हवेचीच संमति लागते, आणि येथेंहि ओलावा आड येतो. आपला माठ चैत्रांतल्या कोरड्या हवेंत पाणी छान गार करतो, आणि श्रावणांत त्याच माठांतलें पाणी कोमट राहतें. कारण ओल्या हवेंत पाझर वाळत नाहीं. तुषारांचेंहि तसेंच. कोरड्या हवेंत त्यांचा कांहीं अंश उडून जातो व उरलेला झटकन् निवतो. त्यामुळें शून्याच्या जवळपासच्या तापमानांतहि बर्फ बनतें. दमट हवेंत मात्र शून्याखालीं चांगले दोन-तीन अंश हवेच लागतात. स्कॉटलंडची हवा दमट. तेव्हां हें यंत्र ज्या दिवशीं अधिक हवें त्याच दिवशीं तें निरुपयोगी. अलीकडे कांहीं केंद्रांनीं दुसऱ्या प्रकारचीं यंत्रें आणलीं. तीं बंद पेटींत, मोठ्या शीतपेटीच्या तत्त्वावर, बर्फाच्या कपच्या तयार करतात. बाहेर पाऊस असला तरी चालतें. पण त्यांना वीज फार लागते, आणि एवढें करून पदरांत पडते ती लहान मुलांना शिकविण्यापुरती एक पट्टी. डोंगर त्यानें झांकत नाहीं. आणि ती पट्टीहि नैर्ऋत्येच्या वाऱ्यापुढें उघडीच असते.

एवढ्या चढउतारांत हवामान एकंदरीनें कोणत्या बाजूला झुकत आहे, हें ओळखणें सोपें नाहीं. त्याला एक साक्षीदार मात्र आहे. केर्नगॉर्मच्या शेजारीं ब्रेरीआख नांवाचा पर्वत आहे. त्याच्या एका काळोख्या कड्याखालीं बर्फाचा एक ठिपका उन्हाळाभर टिकून राहत असे. गिर्यारोहकांनीं त्याला 'स्फिंक्स' असें नांव दिलें. विसाव्या शतकांत हा ठिपका पूर्णपणें वितळल्याची नोंद तीनच वर्षांची आहे: १९३३, १९५९ आणि १९९६. त्यानंतर तो २००३ त गेला, २००६ त गेला, २०१७ व २०१८ अशा लागोपाठच्या दोन वर्षीं गेला, आणि २०२१, २०२२ व २०२३ ह्या तिन्ही वर्षीं गेला. आंकडे पुढें ठेवले आहेत. त्यांवर भाष्य करण्याची जरुरी नाहीं. स्कॉटलंडमधील जेम्स हटन इन्स्टिट्यूट ह्या संशोधनसंस्थेनें केर्नगॉर्मच्या बर्फाचा अभ्यास करून २०१९ सालीं अहवाल दिला; २०३० नंतरच्या काळांत बर्फाचे दिवस झपाट्यानें कमी होत जातील, आणि २०८० च्या सुमारास कांहीं वर्षें जवळजवळ बिनबर्फाचीं जातील, असा त्यांचा अदमास आहे. मधल्या काळांत २०१३-१४ सारखें एखादें वर्ष येणारच नाहीं असें ह्याचा अर्थ नव्हे. तें येईल, दोर पुनः गाडले जातील, आणि त्या वर्षीं हॉटेलवाले म्हणतील कीं पाहा, काय बदललें आहे?

आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें हल्लीं एडिंबरो-ग्लासगोकडे शिकावयास असतात, आणि त्यांना भेटावयास जाणाऱ्या मंडळींना हा खेळ एकदां पाहावा असें वाटतें. त्यांनीं नाताळच्या सुटीचा बेत ह्यासाठीं आंखूं नये. फेब्रुवारीचा शेवट आणि मार्च हे त्यांतल्या त्यांत बरे. खोली घेतांना ती रद्द करतां येईल अशीच घ्यावी. प्रत्येक केंद्राकडून हंगामांत रोज सकाळीं कोणता दोर चालू, कोणता बंद, आणि वारा कोणत्या दिशेचा, हें जाहीर होतें. तें ऐकतांना बर्फाच्या जाडीच्या आंकड्याकडे फारसें लक्ष देऊं नये. आदल्या रात्रीं वारा कोणत्या दिशेचा होता हें आधीं पाहावें, आणि मग तेथील एखाद्या जुन्या माणसाला विचारावें कीं कुंपणें भरलीं आहेत का.